देवगिरीच्या गोण्या

इ. स. 1296 मध्यें कड्याच्या अल्लाउद्दीनानें देवगिरीस वेढा घातला, तेव्हां गडावर घाईनें चढविलेल्या गोण्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें, ही हकीकत हल्लीं फार खुलवून सांगतात. रामदेवरावाची फजिती ऐकून श्रोता हंसतो. विनोदास आमची हरकत नाहीं. पण त्यायोगें यादवांचा पराभव केवळ मूर्खपणाचा ठरतो, ही आहे.

कथेचा आधार फिरिस्ता. तो विजापूरच्या आदिलशाहींत, प्रसंगानंतर तीनशें वर्षांनीं लिहितो. त्याच्या कथनांत गोण्या कोंकणांतून मीठ आणणाऱ्या व्यापाऱ्यांच्या आहेत. विनोदकार नेमके हे व्यापारीच गाळतात! वस्तुतः सबंध कथेंत विश्वसनीय काय असेल तर हेंच. वाशिंदकडील वाचकांस तें सांगणें नलगे. कल्याणाहून वाशिंद-शहापुरावरून थळघाट, किंवा मुरबाडावरून नाणेघाट. रेल्वेपूर्वीं कोंकणचें मीठ बैलांच्या पाठीवर ह्याच वाटांनीं देशावर चढे. नाणेघाटांत जकातीचा म्हणून दाखवितात तो दगडी रांजण अद्याप आहे. अशा कथा टिपून घेणाऱ्या संग्राहकांनीं सांगणाराचें गांव व त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावे, फिरिस्त्याशीं त्यांची मिसळ करूं नये.

दुसरी फसगत तर कोणी सांगतच नाहीं. शंकरदेव बाहेरून फौज घेऊन आला, लढाई त्याच्याकडे झुकत होती. इतक्यांत वेढ्यावर ठेवलेला मलिक नुसरत धुळीचे लोट उडवीत आला. ती दिल्लीची मोठी फौज समजून यादवसेना फुटली. मिठाचा प्रकार उघडकीस आला तो त्यानंतर.