आवडती आठवण आणि तिचे वाङ्मयीन मोल

आपल्या आवडत्या आठवणी चारचौघांत सांगाव्यात ही हौस सार्वत्रिक आहे. परंतु सांगणाऱ्याला प्रिय असलेली आठवण ऐकणाऱ्याला का म्हणून मोलाची वाटावी, हा प्रश्न आठवणी लिहिणारा स्वतःला क्वचितच विचारतो. पांढुर्णा-सौंसर भागातील मराठी मंडळींपुढे तो आज विशेष निकडीने उभा आहे, म्हणून त्याचा थोडा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या वाङ्मयात या प्रश्नाची दोन उत्तरे फार पूर्वीच मिळालेली आहेत. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली, न्यायमूर्तींच्या निधनानंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती हजामत करवून घेता घेता न्हाव्याकडून बंगाली शिकतात, हा त्यातील प्रसंग सर्वपरिचित आहे. रमाबाईंना त्याचे हसू येते. एवढ्याशा हकिगतीतून रानड्यांची ज्ञानलालसा जितकी कळते तितकी त्यांच्या व्याख्यानांच्या खंडांतूनही कळणार नाही. मात्र या पुस्तकात सांगणारी स्त्री भक्तीने मागे सरते; तिचा स्वतःचा सल आपणांस ओळींच्या फटींतून शोधावा लागतो.

लक्ष्मीबाई टिळकांचे तसे नाही. १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रां’त त्या वडिलांच्या सोवळ्याची कथा सांगतात. बाजारातून आणलेले मीठदेखील ज्या घरी धुऊन घेतले जाई, त्या घरचे हाल त्या हसत हसत सांगतात आणि त्या हसण्यातच आईचे कष्ट दिसू लागतात. पुढे १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांच्यावर जे कोसळले, ते सांगताना स्वतःचे कर्मठपण त्यांनी झाकून ठेवले नाही. आमच्या मते त्यांच्या आठवणींचे बळ येथेच आहे. ज्या आठवणीत सांगणाऱ्याचे काही पणास लागलेले नसते ती मनोरंजक होईल, पण दुसऱ्याच्या आयुष्यात शिरणार नाही. याच पुस्तकात नागपूर आणि राजनांदगाव येथील दिवसही आले आहेत. तेव्हा मध्य प्रांताची भूमी आठवणींच्या वाङ्मयास परकी आहे, असे कोणी समजू नये.

आता प्रस्तुत भागाकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला आणि राजधानी नागपूरहून भोपाळला हलली. पांढुर्णा व सौंसर येथील मराठी घरे त्यामुळे सीमेच्या पलीकडची झाली. कचेरीची भाषा हिंदी, शाळेचीही बहुतांशी हिंदी. आजीची मात्र मराठी. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, सौंसर त्यात आले. घरातील व दारातील भाषांची ही वाटणी त्याने बदललेली नाही.

या भागातील माणसाला आवडती आठवण विचारली की तो बहुधा गोटमारीकडे वळतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात, त्यावर झेंडा लावतात आणि पांढुर्णा व सावरगाव येथील लोक दोन्ही तीरांवरून गोट्यांचा वर्षाव करतात. माणसे जखमी होतात, काही प्राणासही मुकली आहेत. या किनाऱ्याचा तरुण आणि त्या किनाऱ्याची मुलगी यांच्या पळून जाण्याची आख्यायिका मग हटकून सांगितली जाते. आमचा आक्षेप या आख्यायिकेला नाही, तिच्या आड लपण्याला आहे. ती सर्वांची असल्याने कोणाचीच नाही. ज्या स्त्रीचे माहेर एका तीरावर आणि सासर दुसऱ्या तीरावर, तिने त्या दिवशी दार लावले की उघडे ठेवले? विदर्भात याच दिवशी तान्हा पोळा असतो, मुले लाकडी बैल सजवून मिरवतात. इकडे त्याच दिवशी बापाच्या डोक्याला पट्टी बांधणाऱ्या मुलाला काय वाटले? हे कोणी लिहील तर आम्ही ती आख्यायिका आनंदाने विसरू.

येथे शिक्षकवर्गास एक विनंती करावीशी वाटते. विद्यार्थी ‘माझी आवडती आठवण’ लिहितो तेव्हा त्याच्या लेखणीतून शेताऐवजी वावर येते, कपाशीऐवजी पऱ्हाटी येते, पावसाची झडी लागते, पोळ्याच्या झडत्या येतात. लाल शाईने आपण हे शब्द खोडतो आणि त्या जागी प्रमाण शब्द घालतो. शुद्धलेखन सुधारते, यात शंका नाही; पण निबंध मग कोणत्याही गावचा होतो. ऱ्हस्व-दीर्घ जरूर तपासावे, शब्द मात्र त्याचे त्यालाच ठेवू द्यावेत. लक्ष्मीबाईंची भाषा घरातलीच होती, ती कोणी शाळेत घोटून दिलेली नव्हती.

नागपूर-छिंदवाडा ही अरुंद मापाची आगगाडी सौंसर, रामाकोना या स्थानकांवरून जात असे. ती २०१५ साली बंद झाली आणि पुढे तेथे रुंद मार्ग आला. त्या गाडीने नागपूरच्या बाजारास वा शाळेस गेलेली माणसे आज हयात आहेत. त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घेण्याचे काम पांढुर्णा-सौंसरच्या शिक्षकांनी येत्या सुट्टीत हाती घ्यावे, आणि लिहून झाल्यावर त्या प्रथम सांगणाऱ्यालाच वाचून दाखवाव्यात.