बाबांची सूटकेस, मुलाची नजर

तुर्कीतही वडिलांना ‘बाबा’च म्हणतात, त्यामुळे ओरहान पामुक यांच्या नोबेल व्याख्यानाचं मूळ नाव, ‘बाबामन बावुलू’, आपल्या कानाला निम्मं कळतंच. ७ डिसेंबर २००६ रोजी स्टॉकहोममध्ये त्यांनी ते तुर्कीतच दिलं. मृत्यूच्या दोन वर्षं आधी वडील त्यांच्या लिहिण्याच्या जागी येतात, स्वतःच्या वह्यांनी भरलेली छोटी काळी चामडी सूटकेस ठेवतात आणि थट्टेच्या सुरात, पण जरा अवघडून सांगतात की मी गेल्यावर वाच. बघ, काही उपयोगाचं मिळतंय का.

मुलगा कित्येक दिवस सूटकेस उघडत नाही. व्याख्यानातला मला सगळ्यात खरा वाटणारा भाग हाच. ही सूटकेस लहानपणापासून ओळखीची आहे. वडील प्रवासाहून आले की पोरगा ती उचकायचा, आत कोलोनचा आणि परदेशाचा वास असायचा. आता तिला हात लावायची भीती वाटते. लेखन वाईट निघालं तर, ही भीती कुणालाही समजेल. पण पामुक त्याहून अडचणीची गोष्ट कबूल करतात. लेखन चांगलं निघालं तर? मग वडिलांच्या आत एक वेगळाच माणूस होता असं मानावं लागेल, आणि त्यांना तो नको आहे. त्यांना वडील फक्त वडील म्हणून हवे आहेत, लेखक म्हणून नकोत. वारशाबद्दल इतकं कोतं आणि इतकं प्रामाणिक वाक्य जाहीर व्यासपीठावर क्वचितच कुणी बोललं असेल.

मग सूटकेस उघडते, आणि इथून माझी तक्रार सुरू होते. वह्यांत काय होतं, हे एका वाक्यात उरकलं जातं: पॅरिसच्या हॉटेलांच्या खिडक्यांतून दिसणारी दृश्यं, काही कविता, काही विरोधाभास. अपघातातून उठलेल्या माणसासारखं आठवतंय, असं पामुक म्हणतात आणि पुढे सरकतात. एकही ओळ ऐकवत नाहीत. त्याऐवजी ते लेखक म्हणजे कोण याचा सिद्धान्त मांडतात. खोलीत स्वतःला कोंडून घेणारा, असमाधानी, सुईने विहीर खोदावी तसा चिवट माणूस. वडील तसे नव्हते. तरुणपणी त्यांनी कवी व्हायचं मनात आणलं, वालेरी तुर्कीत आणला, पण गरीब कवीचं आयुष्य त्यांना नको होतं. ते मजेत जगले. हा सिद्धान्त वडिलांना बाहेर ठेवण्यासाठीच बेतल्यासारखा वाटतो. त्यांचा गुन्हा एकच, ते सुखी होते.

(त्या सुखाची किंमत कुणी दिली, हे व्याख्यानापेक्षा ‘इस्तंबूल’ या आठवणींच्या पुस्तकात जास्त कळतं. वडिलांचं वारंवार घरातून नाहीसं होणं आणि आईचं मागे उरणं त्यात आहे. पॅरिसच्या वह्या वाचताना ते आठवावं.)

इस्तंबूल जगाच्या केंद्रापासून दूर असल्याची सल, मी का लिहितो याची ती गाजलेली यादी, हे सगळं वाचनीय आहे, पण तेवढा वेळ सूटकेस नुसती कोपऱ्यात पडून राहते.

वाचवतो तो शेवट. आठवड्यानंतर वडील पुन्हा येतात, नेहमीसारखं चॉकलेट घेऊन. मुलगा ४८ वर्षांचा आहे हे ते विसरलेत. सूटकेस जागेवरून हललेली त्यांना दिसते. दोघांची नजरानजर होते आणि मुलगा नजर वळवतो. वडिलांना समजतं; ते हसून गप्पा मारतात आणि जातात. यानंतर लगेच पामुक २३ वर्षांपूर्वीची आठवण सांगतात. पहिल्या कादंबरीचं टंकलिखित त्यांनी वडिलांना दिलं होतं. दोन आठवड्यांनी वडील प्रवासाहून परतले. दार उघडताच त्यांनी काही न बोलता मुलाला मिठी मारली.

हे दोन प्रसंग पामुक शेजारी शेजारी ठेवतात आणि त्यांवर जास्त काही बोलत नाहीत. वडील डिसेंबर २००२ मध्ये गेले होते.