जिजाई आणि आपल्या धर्मग्रामातील पडदा

उपवासकाळ आला की आपल्या बहुतेक धर्मग्रामांत सभागृहाच्या भिंतीवर पांढरा पडदा चढतो आणि प्रभू येशूच्या दुःखसहनावरील एखादा चित्रपट दाखविला जातो. चित्रपट संपला की दिवे लागतात, एक प्रार्थना होते आणि मंडळी घरी जातात. वर्षभरात पडद्याचा उपयोग इतकाच. ही प्रथा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. तथापि कोल्हापूरसारख्या नगरीत राहणाऱ्या ख्रिस्ती समाजाने चित्रपटाकडून एवढीच अपेक्षा ठेवावी, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

कारण ही नगरी साधी नव्हे. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या बंधूंनी येथेच स्वदेशी कॅमेरा घडविण्याचा ध्यास घेतला. १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांनी दामल्यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले. तानीबाई कागलकर या गायिकेने भांडवल पुरविले आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. १९२० च्या ‘सैरंध्री’ने तिचे नाव झाले. १९२५ साली बाबूरावांनी ‘सावकारी पाश’ काढला. देवादिकांच्या कथांना सरावलेल्या प्रेक्षकांपुढे त्यांनी सावकाराने नाडलेला, जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी उभा केला. त्या काळच्या प्रेक्षकाला तो फारसा रुचला नाही. हा मूकपट आज पाहावयास मिळत नाही. पण त्यापासून घेण्याचा धडा उरला आहे. चांगला चित्रपट निर्माण होणे पुरेसे नसते, त्याला पाहणारा समाजही घडावा लागतो. १ जून १९२९ रोजी याच गावात ‘प्रभात’ची स्थापना झाली आणि १९३३ मध्ये ती पुण्यास गेली. समाज घडविण्याचे दुसरे काम मात्र येथे चालूच राहिले. बाबूरावांचेच नाव धारण करणारी फिल्म सोसायटी कोल्हापूर आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरवीत आली आहे. परभाषेतला चित्रपट अनोळखी माणसांच्या शेजारी बसून पाहावा आणि बाहेर पडल्यावर चहाच्या कपासोबत त्यावर वाद घालावा, ही सवय अशा उपक्रमांनी लावली. अशा वेळी प्रेक्षकांत आपले ख्रिस्ती बांधव अभावानेच दिसतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

वास्तविक चित्रपटाशी आपले नाते जुने आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि त्यातूनच ‘राजा हरिश्चंद्र’ची प्रेरणा घेतली, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. १९३६ च्या जून महिन्यात पोप अकरावे पायस यांनी चित्रपटांवर एक परिपत्रक काढले. अंधाऱ्या सभागृहात बसलेल्या माणसाचे मन सैलावलेले असते आणि पडद्यावरची गोष्ट त्याच्यावर सहज पकड घेते, हे त्यांनी अचूक ओळखले होते. त्यांचा भर सावधगिरीवर होता. १९५७ साली बाराव्या पायस यांनी प्रेक्षकाच्या शिक्षणाचा विषय मांडला. पुढे १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र आदेशपत्र काढले. १९९५ साली, चित्रपटाची शताब्दी साजरी होत असताना, व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली, तेव्हा आम्ही सेमिनरीत होतो. त्या यादीत पाझोलिनी या निरीश्वरवादी दिग्दर्शकाचा मत्तयच्या शुभवर्तमानावरील चित्रपट पाहून आम्हांपैकी कित्येकजण चकित झाले होते. ख्रिस्तसभा इतक्या मोकळेपणाने पाहू शकते, हे तेव्हा आम्हांस शिकावयाचे होते.

आम्ही ते लवकर शिकलो नाही, याची कबुली येथे दिली पाहिजे. धर्मगुरुपदाच्या आरंभीच्या वर्षांत एका धर्मग्रामात चित्रपट दाखविताना पतीपत्नीच्या भांडणाचा एक प्रसंग आम्ही रिमोटने पुढे ढकलला. त्यात अश्लील असे काही नव्हते. मुलांसमोर भांडण नको, एवढेच आमच्या मनात होते. पुढची कथा मग कोणालाच नीट कळली नाही. त्या बाईने घर का सोडले, असे एका मुलीने आम्हांस विचारले. आमच्यापाशी उत्तर होते. पण ते आम्हीच कापून टाकले होते.

अलीकडे आम्ही सभागृहात ‘संत तुकाराम’ दाखविला, तो आरंभापासून अखेरपर्यंत. तो १९३६ सालचाच, म्हणजे पोपमहोदयांच्या त्या परिपत्रकाच्याच वर्षीचा. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल दोघेही पेंटर बंधूंच्या मुशीत घडलेले. वारकरी संताची ही भक्तिगाथा घडविण्यात साहेबमामा फत्तेलाल या मुसलमान कलावंताचा अर्धा वाटा आहे, हे आमच्या तरुणांना ठाऊक नव्हते. मुंबईत हा चित्रपट वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवले यांनी त्यासाठी लिहिलेले एक पद तर आजही अनेकजण तुकोबांचाच अभंग समजतात.

चित्रपट निर्दोष नाही. सालोमालो हा खलपुरुष हास्यचित्रासारखा रंगविला असल्यामुळे तुकोबांना झालेल्या विरोधाची धार बोथट होते. चमत्काराची दृश्ये आजच्या मुलांना बाळबोध वाटतात आणि त्यांनी तसे हसून दाखविलेही. परंतु विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम पडद्यावर आला की हसू थांबते, आणि गौरीबाईंची जिजाई आली की सभागृह सावरून बसते. चित्रपटाचे खरे बळ या बाईत आहे. नवरा नामात दंग. घरी पोरे उपाशी. म्हैस, चूल आणि आजारी मुलगा यांची काळजी तिने वाहावयाची. मुलगा तापाने फणफणतो तेव्हा ती चप्पल उगारून थेट विठोबापुढे उभी राहते. दिग्दर्शकांनी तिला कजाग ठरवून मोकळे होण्याची सोपी वाट टाळली आहे. तिचा राग खरा आहे आणि देवाशी असलेले तिचे नातेही खरे आहे. कारण जो नाहीच असे वाटते, त्याच्यावर कोणी चप्पल उगारीत नाही. अखेरीस तुकोबा वैकुंठाला जातात आणि जिजाई पृथ्वीवर, मुलांपाशी राहते. संताची कथा सांगताना संताच्या घराचा हिशेब असा उघडा ठेवणारे चित्रपट विरळा. आपले संतचरित्रपट पाहावेत: त्यांत घर बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच मागे पडते.

चित्रपट संपल्यावर आम्ही प्रथमच लगेच प्रार्थना घेतली नाही. “कुणाला काही बोलायचे आहे का?” एवढेच विचारले. बराच वेळ कोणी बोलेना. मग मागच्या रांगेतून एक भगिनी उभ्या राहिल्या. “फादर, आमच्या घरात बी एक तुकाराम हायेत,” त्या म्हणाल्या, “रोज सांजच्याला चर्चच्या कामात असत्यात. समदी त्यांचं कौतुक करत्यात. पोरांचा अभ्यास, सासूचं औषध, किराणा, समदं म्याच बघतो.” मंडळी हसली. त्यांचे पती शेजारीच बसले होते. ते हसले नाहीत. आम्हीही हसू शकलो नाही. कारण त्या गृहस्थांना दररोज संध्याकाळी बोलावून घेणारे आम्हीच होतो. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांच्या कामाचे दिवस आठवड्याला दोनवर आणले. जी गोष्ट कौटुंबिक भेटींत इतकी वर्षे आमच्या कानी आली नव्हती, ती जिजाईच्या आडोशाने त्या भगिनींना सांगता आली.

एकत्र चित्रपट पाहण्याचे प्रयोजन आमच्या मते हेच आहे. आज प्रत्येकाच्या हातात स्वतंत्र पडदा आहे. गावोगावच्या जत्रांत तंबू ठोकून सिनेमा दाखविणारे व्यवसाय मावळत चालले आहेत. त्यांच्यावरील ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाची २०१६ साली कान महोत्सवात विशेष दखल घेतली गेली, ती जणू निरोपाची होती. चित्रपट घरबसल्या मिळतो, परंतु मोबाइलवर तो पाहणाऱ्या त्या भगिनींच्या शेजारी त्यांचे पती बसले नसते, आणि मागे आम्हीही नसतो.

म्हणून आमच्या सूचना थोड्या आहेत. उपवासकाळातील चित्रपट चालू ठेवावा. परंतु वर्षातून आणखी तीनचार चित्रपट प्रदर्शनाचा हक्क रीतसर घेऊन दाखवावेत आणि त्यांत मराठीला पहिला मान असावा. शेजारच्या अन्यधर्मीय कुटुंबांना आवर्जून बोलवावे. दृश्ये गाळू नयेत. मुलांना न झेपणारा चित्रपट असेल तर तो मोठ्यांसाठी वेगळा ठेवावा. आणि शेवटी अर्धा तास तरी बोलण्यासाठी राखावा, ज्यात धर्मगुरूने सर्वांत शेवटी बोलावे. ही शेवटची अट आम्हांस सर्वांत अवघड जाते, हे वाचकांना सांगावयास नकोच.