‘वापरकर्त्याची चूक’ की रचनेचा दोष? : संगणकीय इंटरफेसविषयी एक चिकित्सा

प्रस्तावना

संगणकाच्या वापरातून एखादा अपघात वा गोंधळ उद्भवला की चौकशीच्या अखेरीस एक शब्दप्रयोग हमखास पुढे येतो, तो म्हणजे ‘मानवी चूक’. महाविद्यालयाच्या परिसरातही त्याचा प्रत्यय वारंवार येतो. शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज नामंजूर झाला तर विद्यार्थ्याने तो नीट भरला नाही असे म्हटले जाते. गुणांची नोंद चुकली तर प्राध्यापकाने लक्ष दिले नाही असा निष्कर्ष निघतो. ज्याच्या हातून चूक घडली तो माणूस सर्वांना दिसतो. ज्या पडद्यासमोर आणि ज्या कळांच्या साहाय्याने ती घडली, तो पडदा आणि त्या कळा मात्र चौकशीच्या कक्षेबाहेर राहतात.

प्रस्तुत लेखात या शब्दप्रयोगाची चिकित्सा करावयाची आहे. संगणक प्रणाली आणि तिचा वापर करणारी व्यक्ती यांच्यातील संवाद ज्या भागातून होतो, त्यास ‘यूजर इंटरफेस’ म्हणतात. पडद्यावरील मजकूर, मेन्यू, रकाने, बटणे, सूचना व त्रुटीसंदेश या सर्वांचा त्यात समावेश होतो. इंटरफेस म्हणजे प्रणालीवर शेवटी चढविलेला रंगाचा हात, असा समज आपल्याकडे रूढ आहे. हा समज किती घातक ठरू शकतो, हे काही सुपरिचित उदाहरणांच्या आधारे तपासून पाहता येईल.

संकल्पनेची पार्श्वभूमी

या विचाराचा उगम संगणकापूर्वीचा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या बी-१७ विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर पंखांच्या झडपा मिटण्याऐवजी विमानाची चाके आत ओढून घेत आणि विमान धावपट्टीवर पोटावर आदळे. याची नोंद ‘वैमानिकाची चूक’ अशी होत असे. मानसशास्त्रज्ञ ॲल्फोन्स चपॅनिस यांनी १९४३ च्या सुमारास या प्रकाराचा अभ्यास केला. झडपांची आणि चाकांची नियंत्रणे शेजारीशेजारी असून ती दिसावयास व स्पर्शास सारखीच आहेत, हे त्यांच्या ध्यानात आले. चाकांच्या नियंत्रणाला चाकासारखा आणि झडपांच्या नियंत्रणाला पाचरीसारखा आकार द्यावा, हा त्यावरील उपाय होता. थकलेल्या वैमानिकाला अंधारातही केवळ स्पर्शाने दोहोंतील फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी ‘वैमानिकाची चूक’ म्हणून गणल्या गेलेल्या ४६० अनुभवांचे विश्लेषण केले. त्यांतील मोठा भाग नियंत्रणांच्या रचनेशी निगडित असल्याचे त्यांनी दाखवून दिले.

संगणकाच्या संदर्भात हाच विचार डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्यापक स्वरूपात मांडला. त्यांच्या मते वापरकर्ता आणि यंत्र यांच्यामध्ये दोन दऱ्या असतात. ‘मला जे करावयाचे आहे ते या यंत्राकडून कसे करून घ्यावे?’ ही पहिली दरी होय. ‘यंत्राने प्रत्यक्षात काय केले, हे मला कसे कळावे?’ ही दुसरी. सर्वसाधारण चर्चेत पहिल्या दरीचाच विचार होतो आणि ‘वापरण्यास सोपे’ म्हणजेच ‘चांगले’ असे समीकरण मांडले जाते. वास्तविक अधिक गंभीर परिणाम दुसऱ्या दरीमुळे घडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील उदाहरण त्याचीच साक्ष देते.

थेरॅक-२५ : न सांगणारा पडदा

कॅनडातील ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या संस्थेने कर्करोगावरील किरणोपचारासाठी ‘थेरॅक-२५’ हे संगणकनियंत्रित यंत्र तयार केले होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका व कॅनडामध्ये या यंत्रामुळे सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणोत्सार सोसावा लागला आणि त्यांपैकी काहींचा मृत्यू झाला. नॅन्सी लेव्हसन व क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या प्रकरणाचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले असून ते आज या विषयाच्या अध्यापनातील मूलभूत साहित्य मानले जाते.

मार्च १९८६ मध्ये टेक्सास राज्यातील टायलर या गावी काय घडले, ते पाहू. एका रुग्णाला १८० रॅड इतकी मात्रा द्यावयाची होती. यंत्र चालविणाऱ्या अनुभवी तंत्रज्ञ महिलेने इलेक्ट्रॉन उपचारासाठी ‘ई’ ऐवजी सवयीने क्ष-किरणांसाठीचे ‘एक्स’ हे अक्षर दाबले. चूक लगेच लक्षात आली, कर्सर वर नेऊन तिने ती दुरुस्त केली आणि पडद्यावर दुरुस्त माहिती दिसूही लागली. परंतु यंत्रातील चुंबकांची जुळणी होण्यास सुमारे आठ सेकंद लागत आणि त्या अवधीत केलेला बदल सॉफ्टवेअरमधील दोषामुळे यंत्रापर्यंत पोहोचतच नव्हता. पडदा एक सांगत होता, यंत्र दुसरेच करीत होते. क्ष-किरण निर्माण करण्यासाठी लागणारा इलेक्ट्रॉनांचा झोत थेट उपचाराच्या झोतापेक्षा सुमारे शंभरपट तीव्र असतो. तोच झोत थेट रुग्णावर पडला.

यानंतर पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश उमटला. त्याचा अर्थ यंत्रचालकांसाठीच्या पुस्तिकेत दिलेला नव्हता. दिली गेलेली मात्रा अपेक्षेहून फार कमी असल्याचेही पडद्यावर दिसत होते. असे सांकेतिक क्रमांक त्या यंत्रावर नित्याचेच होते, आणि ‘पी’ ही एक कळ दाबून उपचार पुढे सुरू करण्याची सोय होती. तंत्रज्ञ महिलेने ती कळ दाबली. रुग्णाला दुसरा झोत बसला. प्रत्यक्षात त्याला मिळालेली मात्रा १६,५०० ते २५,००० रॅड असावी, असा अंदाज पुढे वर्तविण्यात आला. एप्रिलमध्ये त्याच रुग्णालयात तोच प्रकार पुन्हा घडला. दोन्ही रुग्ण त्याच वर्षी मरण पावले.

या घटनेतील दोन बाबी विशेष विचारार्ह आहेत. पहिली अशी की, दोष प्रकट होण्यासाठी माहिती वेगाने भरणे आवश्यक होते. रुग्णालयातील भौतिकतज्ज्ञ आणि तीच तंत्रज्ञ महिला यांनी चिकाटीने प्रयोग करून हे शोधून काढले. हळूहळू टंकन करणाऱ्या नवशिक्या व्यक्तीच्या हातून हा अपघात घडला नसता. येथे कौशल्यच संकटाचे निमित्त ठरले. ‘प्रशिक्षण वाढवा, चुका टळतील’ या नेहमीच्या उत्तराची मर्यादा त्यातून स्पष्ट होते.

दुसरी बाब अधिक अस्वस्थ करणारी आहे. प्रत्येक वेळी सर्व माहिती पुन्हा भरण्यास फार वेळ लागतो, अशी तक्रार यंत्रचालकांनी पूर्वी केली होती. त्यावर निर्मात्यांनी केवळ ‘रिटर्न’ कळ दाबत पुढे जाण्याची सोय करून दिली. म्हणजे इंटरफेस ‘सोपा’ करण्यात आला होता. सोपेपणाची मागणी पूर्ण झाली, पण यंत्राच्या अंतरंगातील स्थिती चालकाला कळण्याची व्यवस्था झाली नाही. नॉर्मन यांची पहिली दरी बुजविताना दुसरी तशीच राहिली.

या ठिकाणी हेही नमूद करणे आवश्यक आहे की, थेरॅक-२५ च्या अपघातांचे संपूर्ण खापर इंटरफेसवर फोडता येणार नाही. आधीच्या यंत्रांतील स्वतंत्र यांत्रिक सुरक्षा-अडसर यात काढून टाकले होते आणि सॉफ्टवेअरवर अवाजवी विश्वास ठेवला होता. तथापि त्या सर्व दोषांविरुद्ध जी व्यक्ती अखेरची पहारेकरी होती, तिच्या डोळ्यांवर पट्टी बांधण्याचे काम मात्र इंटरफेसने केले.

दोन मतदानव्यवस्था

इंटरफेसचा प्रश्न रुग्णालयापुरता मर्यादित नाही, लोकशाहीच्या व्यवहारातही तो निर्णायक ठरू शकतो. नोव्हेंबर २००० मधील अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडा राज्यातील पाम बीच परगण्यात मतदारांनी छिद्र पाडावयाची आणि यंत्राने मोजावयाची मतपत्रिका वापरण्यात आली. वृद्ध मतदारांना वाचता यावे म्हणून अक्षरे मोठी करण्यात आली. त्यामुळे उमेदवारांची नावे एका पानावर मावेनात, म्हणून ती समोरासमोरच्या दोन पानांवर छापून छिद्रांची रांग मधोमध ठेवण्यात आली. डाव्या पानावर बुश यांचे नाव पहिले व गोर यांचे दुसरे होते. मात्र दुसरे छिद्र उजव्या पानावरील ब्युकॅनन यांचे होते आणि गोर यांचे तिसरे. बाण छापलेले असूनही हजारो मतदारांचा गोंधळ उडाला. १९ हजारांहून अधिक मतपत्रिका एकापेक्षा जास्त छिद्रांमुळे बाद झाल्या. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका राज्यशास्त्रीय अभ्यासाने गोर यांची दोन हजारांहून अधिक मते चुकून ब्युकॅनन यांना गेल्याचा निष्कर्ष काढला. संपूर्ण राज्यातील बुश यांचे अधिकृत मताधिक्य ५३७ होते. येथे रचनाकाराचा हेतू निःसंशय चांगला होता. परंतु ती रचना खऱ्या मतदारांच्या हाती देऊन आधी तपासून पाहिली गेली नाही, तर केवळ हेतूच्या जोरावर ती निर्दोष ठरत नाही.

याच्या तुलनेत भारतीय इलेक्ट्रॉनिक मतदान यंत्राची रचना पाहण्यासारखी आहे. केरळमधील परवूर येथे १९८२ साली त्याचा प्रथम वापर झाला आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ते देशभर वापरले गेले. मतदारासमोर नावांचा एकच स्तंभ असतो. प्रत्येक नावासमोर निवडणूक चिन्ह आणि त्याच ओळीत निळे बटण असते. बटण दाबताच त्याच ओळीतील लाल दिवा लागतो आणि लांब आवाज येतो. २०१३ पासून टप्प्याटप्प्याने जोडलेल्या व्हीव्हीपॅट यंत्रात मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते. शिवाय मतदान अधिकाऱ्याने नियंत्रण यंत्रावरून परवानगी दिल्याखेरीज दुसरे मत नोंदविताच येत नाही. म्हणजे दोन शिक्क्यांमुळे मत बाद होण्याची चूक या रचनेने अशक्यच करून टाकली.

या यंत्राच्या विश्वासार्हतेविषयीचा सार्वजनिक वाद हा स्वतंत्र विषय असून तो येथे अभिप्रेत नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराला चिन्ह लावलेली स्वतंत्र मतपेटी देण्यात आली होती. निरक्षर मतदाराला गृहीत धरून व्यवस्था उभारण्याची ही परंपरा या यंत्रात उतरली आहे. मतदाराने यंत्रासारखे वागावे, अशी अपेक्षा तीत नाही.

आक्षेपांचा विचार

या भूमिकेवर एक आक्षेप घेतला जातो. प्रत्येक चुकीचा दोष रचनेवर टाकल्यास व्यक्तीची जबाबदारी उरतच नाही, असे म्हटले जाते. १३ जानेवारी २०१८ रोजी हवाई राज्यात सकाळी ८ वाजून ७ मिनिटांनी क्षेपणास्त्र हल्ल्याचा खोटा इशारा नागरिकांच्या मोबाईलवर पोहोचला. कर्मचाऱ्याने चुकीचे बटण दाबले, असे सुरुवातीस सांगण्यात आले. सराव आणि प्रत्यक्ष इशारा हे दोन्ही पर्याय एकाच मेन्यूत होते, ही बाबही उजेडात आली. परंतु पुढील चौकशीत त्या कर्मचाऱ्याने सरावाचा संदेश खराच समजून जाणीवपूर्वक इशारा पाठविल्याचे आढळले. तेव्हा मूळ घटनेत व्यक्तीचा वाटा होता, हे मान्य करावे लागते.

मात्र प्रश्न तेथे संपत नाही. पाठविण्यापूर्वी येणारा खात्री करून घेणारा प्रश्न सरावासाठी आणि खऱ्या इशाऱ्यासाठी एकाच शब्दांत विचारला जात असे. इशारा खोटा असल्याचे कळविणारा संदेशही आगाऊ तयार नव्हता. त्यामुळे त्याच मार्गाने दुरुस्ती पोहोचण्यास ३८ मिनिटे लागली. चूक माणसाची होती, परंतु ती ३८ मिनिटे टिकली याचे उत्तर व्यवस्थेनेच द्यावयास हवे. जबाबदारीची अशी विभागणी करता येणे, हाच या चिकित्सेचा उपयोग होय. केवळ ‘आपली खात्री आहे का?’ असे पुनःपुन्हा विचारल्याने सुरक्षितता येत नाही, हेही यातून दिसते. तोच प्रश्न रोज विचारला गेला की हात आपोआप ‘होय’ दाबतो.

महाविद्यालयीन संदर्भ

आपल्या रोजच्या प्रणालींकडे या दृष्टीने पाहिल्यास काय दिसते? जन्मतारखेच्या रकान्यात दिवस आधी लिहावा की महिना, हे सांगितलेले नसते. चार पाने भरल्यानंतर ‘अवैध माहिती’ एवढाच संदेश येतो, कोणत्या रकान्यात काय चुकले ते कळत नाही. मुदत संपून प्रणाली बाहेर काढते आणि भरलेली माहिती नाहीशी होते. शुल्क बँकेतून वजा होते, पण अर्ज पोहोचला की नाही याची खूण मिळत नाही. हे ‘मालफंक्शन ५४’चेच सौम्य अवतार आहेत. त्यांत कोणाचा जीव जात नाही, पण गावाकडून येऊन सायबर कॅफेत रांग लावणाऱ्या विद्यार्थ्याचे वर्ष जाऊ शकते. इंग्रजीतील त्रुटीसंदेशाचा अर्थ विचारावयास त्याच्याजवळ कोणी नसते, आणि नामंजुरीचा दोष तो निमूटपणे स्वतःकडे घेतो. वाईट इंटरफेसची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. ज्याच्याजवळ वेळ, भाषा आणि ओळख यांचे बळ कमी, त्यालाच ती अधिक मोजावी लागते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, चांगल्या इंटरफेसची कसोटी केवळ सोपेपणा ही नाही. प्रणालीची खरी स्थिती तो प्रामाणिकपणे दाखवितो का, संभाव्य चूक आधीच अडवितो का आणि झालेली चूक सुधारण्यास वाव देतो का, हे तीन प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे नकारार्थी असतील, तर ‘वापरकर्त्याची चूक’ हा निष्कर्ष अपुरा मानला पाहिजे.

या संदर्भात संगणकशास्त्र विभागांना एक छोटी सूचना करावीशी वाटते. पदवीच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना आपण प्रामुख्याने प्रोग्रॅम चालतो का आणि उत्तर बरोबर येते का, हे तपासतो. त्याबरोबरच कार्यालयातील एखाद्या लिपिकास किंवा कला शाखेच्या प्रथम वर्षातील विद्यार्थ्यास ती प्रणाली वापरावयास द्यावी. प्रकल्प करणाऱ्याने शेजारी बसावे, परंतु एक शब्दही बोलू नये. वापरणारा कोठे थांबतो, कोठे गोंधळतो आणि कोठे स्वतःलाच दोष देतो, याची केवळ नोंद घ्यावी व तिलाही गुण असावेत. यासाठी कोणतेही नवे उपकरण वा निधी लागणार नाही. आज परीक्षेत बसलेला हा विद्यार्थीच उद्या एखाद्या रुग्णालयाची वा शिष्यवृत्तीची प्रणाली लिहिणार आहे.