लय : कानाची आणि भाषेची

वृत्ताच्या तासाला एखादा विद्यार्थी लघु-गुरूंच्या खुणा अचूक मांडतो, पण तीच ओळ म्हणताना अडखळतो. अशा विद्यार्थ्याविषयी 'याला कानच नाही' हा शेरा ठरलेला असतो. लय ही उपजत देणगी आहे, शिकवून येणारी नाही, हे त्यामागचे गृहीत होय. मेंदूविज्ञानाचा हवाला देऊन हे गृहीत बळकट करण्याचा मोह होतो. म्हणून ते विज्ञान नेमके काय सांगते, हे तपासणे आवश्यक ठरते.

कानशिलाच्या आतल्या बाजूस, मेंदूच्या बाह्य थरात श्रवणक्षेत्र असते. समान अंतराने येणारे ध्वनी ऐकताना तेथील प्रतिसादही त्याच गतीने चढतो-उतरतो. सेकंदाला चार ध्वनी आले, तर नोंदीतही सेकंदाला चार आवर्तनांचा ठळक उंचवटा दिसतो. एवढ्यावरून मेंदू लयीत डोलतो असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे आहे. प्रत्येक ध्वनीला स्वतंत्र प्रतिसाद मिळत गेला, तरी नोंद अशीच दिसू शकते. मेंदूतील मूळची आंदोलने ध्वनीशी जुळवून घेतात, की ही केवळ सुट्या प्रतिसादांची रांग आहे, हा वाद संशोधकांत मिटलेला नाही.

दोन प्रयोग या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहेत. सिल्वी नोझारादान व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आठ व्यक्तींना सेकंदाला २.४ ठोक्यांचा ध्वनी ऐकवण्यात आला. त्यांनी त्या ठोक्यांचे मनातल्या मनात दोन-दोनांचे गट कल्पिले, तेव्हा १.२ आवर्तनांचा उंचवटा उमटला. तीन-तीनांचे गट कल्पिले, तेव्हा ०.८ चा. ध्वनी तोच होता, बदलली ती ऐकणाऱ्याची मांडणी. केवळ सुट्या प्रतिसादांच्या रांगेने या फरकाचा उलगडा होत नाही.

नाई डिंग, डेव्हिड पॉपेल आदींचा २०१६ मधील प्रयोग भाषेच्या अध्यापकाला अधिक जवळचा वाटेल. सेकंदाला चार अक्षरे या समान गतीने चिनी वाक्ये ऐकवण्यात आली. दोन अक्षरांचा पदसमूह, चार अक्षरांचे वाक्य अशी रचना होती. चिनी जाणणाऱ्यांच्या मेंदूत अक्षर, पदसमूह व वाक्य या तिन्ही गती उमटल्या. चिनी न जाणणाऱ्या इंग्रजी भाषकांत केवळ अक्षरांची गती उमटली. कान दोघांनाही होते. एका गटाकडे भाषा नव्हती.

यालाही मर्यादा आहेत. ही अक्षरे यंत्राने घडवलेली आणि घड्याळाच्या काट्याप्रमाणे समान अंतराची होती. तरन्नुममध्ये म्हटलेली गझल किंवा चालीवर म्हटलेला श्लोक तसा चालत नाही. तेथे स्वर रेंगाळतो, यती येते. त्यामुळे या प्रयोगांवरून काव्यानंदाचा उलगडा झाला असे म्हणता येणार नाही.

तरीही छंदःशास्त्राला यातून एक दिशा मिळते. मराठीतील भुजंगप्रयात आणि उर्दूतील बहरे मुतक़ारिब सालिम यांचा साचा एकच आहे : लगागा चार वेळा. एक परंपरा त्याला 'य' गण म्हणते, दुसरी 'फ़ऊलुन'. मात्र उर्दूत काही शब्दांच्या अखेरचा दीर्घ स्वर वजनासाठी ऱ्हस्व उच्चारला जातो. ही सवलत ठाऊक नसलेल्या वाचकाला निर्दोष मिसराही बेवजन भासतो. त्याचा कान शाबूत असतो; परंपरेची ओळख झालेली नसते. फार्सी वृत्तांना मराठीच्या छंदोविचारात आणणारे माधव जूलियन यांचे 'छंदोरचना' या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

१५ देशांतील ३९ गटांवरील २०२४ सालच्या अभ्यासानेही हेच दुहेरी चित्र दाखवले. लहान पूर्णांकांच्या प्रमाणांकडे ओढ सर्वत्र आढळली. पण कोणते प्रमाण अधिक जवळचे, हे त्या त्या समूहाच्या संगीतानुसार बदलत गेले.

याचा अर्थ, लयीचा पाया सामाईक आणि तिची घडण कमावलेली आहे. असे असेल, तर 'कान नाही' हा शेरा विद्यार्थ्याच्या ऐकण्याविषयी फारसे काही सांगत नाही. त्याला किती ऐकवले गेले, हा त्याआधीचा प्रश्न आहे. फळ्यावर गण पाडण्यापूर्वी ओळ मोठ्याने आणि अनेकदा म्हटली जाते का, घरी उर्दू किंवा कोकणी बोलणाऱ्या मुलाच्या ओळखीची चाल वर्गात येते का, हे आधी पाहावे लागेल.