भाषेची उतरंड

'तुमची भाषा आम्हाला कळत नाही' ही दलित साहित्याविरुद्धची पांढरपेशा वाचकाची जुनी तक्रार आहे. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली आला, तेव्हा प्रस्तावनाकार विजय तेंडुलकरांनी अपरिचित शब्दांचे अर्थ कवीलाच विचारून घेतले. अनेकांनी तेवढेही कष्ट घेतले नाहीत. न कळलेल्या भाषेला त्यांनी अश्लील ठरवले आणि ती बोलणाऱ्या माणसांविषयीचा निवाडाही त्यातच उरकून टाकला.

या वृत्तीची मला चीड आहे. शाळेत मी 'व्हता' म्हणालो की सारा वर्ग हसे, गुरुजीही हसत. पुढे मी वर्गात बोलणेच सोडले. त्या मुक्या वर्षांत माझा राग एकट्या गुरुजींपुरता राहिला नाही. 'शुद्ध' बोलणारा प्रत्येक जण मला शत्रू वाटू लागला. त्यांतला एखादा माझा मित्र झाला असता, हा विचारही मला शिवला नाही.

इथवरचे सारे आपल्या परिचयाचे आहे. पुढचे सांगताना मात्र संकोच वाटतो. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) वाचताना कैकाडी शब्द अडू लागले, तेव्हा मी, मराठीचा शिक्षक, चटकन म्हणालो : 'हे सरळ मराठीत का नाही?' माझ्याच वर्गात एका कैकाडी मुलाच्या बोलण्यावर मुले हसली होती आणि मीही ओठ दाबून हसलो होतो, हे त्या क्षणी आठवले.

भाषेमुळे डावलला गेलेला माणूस आपोआप उदार होतो, हा आपला भाबडा समज आहे. बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. ही श्रेणी भाषेतही आहे. वरून मिळालेली तुच्छता आपण खालच्याच्या माथी मारतो.

बाबासाहेबांना शाळेत संस्कृत नाकारले गेले. त्यांना फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृतचा अभ्यास केला, धर्मग्रंथांची कठोर चिकित्सा केली, पण भाषेचा द्वेष केला नाही. शूद्रांविषयीच्या १९४६ च्या ग्रंथात संस्कृतवर आपले प्रभुत्व नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

आपल्या समीक्षेने हा धडा घेतला पाहिजे. प्रस्थापितांनी आपले शब्द शिकावेत ही मागणी न्याय्यच आहे. मात्र भटक्या-विमुक्तांचे, आदिवासींचे शब्द आपण शिकत नसू, तर ती मागणी करण्याचा नैतिक अधिकार आपल्याला कुठून येणार?