थोरोची चूल

लहानशा घराची शोभा म्हणून जुनी लोखंडी चूल मांडणाऱ्यांनीं अमेरिकन ग्रंथकार थोरो याचें ‘वॉल्डन’ (१८५४) अवश्य वाचावें. त्याची झोपडी १० फूट रुंद, १५ फूट लांब. रान आपल्या मालकीचें नाहीं, लांकूड वांचावें, एवढ्यासाठीं दुसऱ्या हिवाळ्यांत त्यानें धुराड्याखालची उघडी शेकोटी सोडून अशी चूल वापरली. आणि ती जागा अडविते, घरांत वास सोडते, मुख्य म्हणजे विस्तव झांकून टाकते, अशी तक्रार केली. आमच्या मतें ग्रंथांतील अत्यंत प्रांजळ स्थळ हेंच. एरव्हीं काटकसरीची थोरवी गाणारा हा गृहस्थ येथें तिची किंमत मोजतांना दिसतो! त्याला विस्तवाचें मुख हवें होतें. सजावटीच्या हौशी मंडळींना लोखंडच पुरतें. मेजावरचे चुनखडीचे तीन दगड, रोज पुसावे लागतात म्हणून, त्यानें खिडकीबाहेर फेकले होते.